जर्मन येत नसेल तरी जर्मन गाण्यांची मैफल कशी ऐकावी

मंचावर एक मोठा पियानो, त्याच्या वळणाशी उभा एक गायक, समोर बसलेला एक वादक. माइक नाही, वेशभूषा नाही, निवेदनही नाही. लंडनच्या विगमोर हॉलमध्ये किंवा ऑस्ट्रियातल्या श्वार्त्सेनबेर्गच्या ‘शूबर्टियाडे’ महोत्सवात अशी मैफल सुरू होते, तेव्हा पहिल्यांदा आलेला माणूस थोडा बावरतो. तिकडे शिकायला, नोकरीला गेलेली आपली कितीतरी मंडळी तिकीट मिळत असूनही ‘भाषा येत नाही, काय कळणार’ म्हणून जात नाहीत. मला याची फार हळहळ वाटते, कारण दोन संध्याकाळींची तयारी केली तर ही मैफल आतपर्यंत पोचते.

या गाण्याला जर्मनमध्ये ‘लीड’ म्हणतात, अनेकवचन ‘लीडर’. आधी कविता, मग तिला संगीत, हा क्रम भावगीतावर वाढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. फरक आहे तो साथीत. आपली पेटी गळ्यामागून जाते, इथला पियानो पुष्कळदा गळ्याच्या आधी पोचलेला असतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी पत्रिका बघा

कार्यक्रम दोन प्रकारचे असतात. एकात शूबर्ट, शूमान, ब्राम्स, वोल्फ, श्ट्राउस अशा संगीतकारांची सुटी गाणी चार-पाचच्या गटांनी येतात. दुसऱ्यात एकच गीतमाला सलग गायली जाते. शूबर्टची ‘विंटररायझं’, म्हणजे हिवाळी प्रवास, ही २४ गाण्यांची माला सव्वा तासाच्या आसपास चालते आणि बहुधा मध्यंतराशिवाय होते. शूमानची ‘डिश्टरलीबं’ १६ गाण्यांची, त्या मानानं बरीच छोटी. पहिल्याच वेळी सव्वा तास सलग बसायची धास्ती वाटत असेल तर सुट्या गाण्यांचा कार्यक्रम निवडा. पण मला विचाराल तर ‘विंटररायझं’लाच जा. तिच्यात एकच माणूस आहे, एकच वाट आहे, आणि हरवायला जागा नाही.

आदल्या दिवशी कविता वाचा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. सभागृहात मूळ कविता आणि इंग्रजी अनुवाद छापलेली पुस्तिका बहुधा मिळते, पण तिथे वाचत बसलात तर डोळे कागदावर आणि कान अर्धवट. ‘लीडरनेट’ या संकेतस्थळावर मूळ कविता आणि अनुवाद शेजारीशेजारी सापडतात. चोवीसच्या चोवीस पाठ करायचा हट्ट नको. सगळ्यांचा अनुवाद एकदा गोष्टीसारखा वाचा, मग त्यातल्या तीन-चार निवडून प्रत्येकीतला एक जर्मन शब्द लक्षात ठेवा. ‘नाख्त’ म्हणजे रात्र, ‘हेर्त्स’ म्हणजे हृदय, ‘ट्राउम’ म्हणजे स्वप्न. ओळखीचा शब्द ऐन गाण्यात कानावर आला की अनोळखी गावात आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं होतं.

‘विंटररायझं’च्या कविता विल्हेल्म म्युलरच्या. पुण्यात जर्मन शिकलेल्यांना मॅक्स म्युलर भवन ठाऊक असतं. ज्यांच्या नावानं ते आहे ते ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर या कवीचे चिरंजीव. १८२७ साली शूबर्टनं या कवितांना संगीत दिलं आणि त्याच वर्षी कवी वारला. मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. पुढच्या वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी, शूबर्टही गेला. सहाशेहून अधिक गाणी मागे ठेवून.

पियानोवर कान लावायची सवय करा

यासाठी मैफलीच्या आधी घरी शूबर्टची दोन गाणी ऐका.

पहिलं ‘ग्रेटशेन आम श्पिनराडं’. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली ग्रेटशेन चरख्याशी बसून प्रियकराच्या आठवणीनं बेचैन झाली आहे. पियानोवर उजव्या हातात चाक फिरतंय, डाव्या हातात पायपट्टीची धडधड आहे. गाणं चढत जातं आणि ‘त्याचं चुंबन!’ या शब्दांवर चाक थांबतं. तिचा हातच थबकलाय. मग पियानो चाक पुन्हा फिरवू बघतो, अडखळतो, परत प्रयत्न करतो, तेव्हा कुठे त्याला गती येते. त्या दोन-चार क्षणांत ती एक शब्दही बोलत नाही, पण तिची अवस्था आपल्याला कळते. ऑक्टोबर १८१४ मध्ये हे लिहिलं तेव्हा शूबर्ट १७ वर्षांचा होता.

दुसरं ‘एर्लक्योनिग’, पुढच्याच वर्षीचं. कविता याही वेळी गटेची. बाप आजारी पोराला कवेत घेऊन रात्री घोड्यावरून दौडतोय, आणि पोराला एक भुताटकीचा राजा दिसतोय. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा, चौघांचे आवाज एकाच गळ्यातून काढायचे. पियानोवादकाच्या उजव्या हाताला घोड्याच्या टापा दिल्यात, त्या थांबायचं नाव घेत नाहीत. राजा लाडीगोडी लावतो तेव्हा त्याच टापा मऊ होतात. मुलगा ‘बाबा, बाबा!’ म्हणून तीनदा किंचाळतो, दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात. हे मोजत ऐका. शेवटी घोडा घरी पोचतो, टापा बंद होतात, आणि पोर मेल्याचं जवळजवळ बोलल्यासारखं सांगून पियानोच्या दोन स्वरमेळांत सगळं संपतं.

मग ‘विंटररायझं’चं पहिलं गाणं लावा, ‘गुटं नाख्त’. प्रेम फसलेला तरुण रात्री घर सोडून बर्फात निघालाय. पियानोत त्याची पावलं आहेत, एका चालीची, जड. पूर्ण गाणं कोमल गंधाराच्या छायेत चालतं. शेवटच्या कडव्यात, तुझी झोप मोडायची नाही, दार हळूच लावून घेतो, असं तो म्हणतो, आणि तिथे गंधार शुद्ध होतो. पावलं तीच असतात. खरं तर शुद्ध गंधारानं उजळायला हवं, पण इथे काळीज अधिकच पिळवटतं. रागसंगीताचा कान असलेल्या श्रोत्याला ही जागा पहिल्याच वेळी सापडावी.

हे एकच गाणं दोन गायकांचं ऐकलंत तर फारच उत्तम. डीट्रिश फिशर-डीस्काउ आणि पियानोवर जेराल्ड मूर, मग गायिका क्रिस्टा लुडविग. पट्टी वेगळी वाटली तर गोंधळू नका, आपापल्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलून घ्यायची इथे रीतच आहे.

प्रत्यक्ष मैफलीत

निवड करता आली तर प्रेक्षकांतून बघताना डाव्या हाताची खुर्ची घ्या. पियानोच्या पट्ट्या त्या बाजूला असतात, म्हणून वादकाची बोटं आणि गायकाचा चेहरा दोन्ही दिसतात. फोन बंद हे सांगायला नको.

आपल्याकडे चांगली जागा आली की ‘वा’ जाते, जायलाच हवी. इथे ती आवरावी लागते. गीतमालेत गाण्यागाण्यांच्या मध्ये टाळ्या नसतात, त्या एकदम शेवटी. सुट्या गाण्यांत एक गट संपला की वाजवतात. पुस्तिकेचं पान गाणं पियानोसकट संपल्यावरच उलटा. शेदोनशे जणांनी एकदम पान उलटलं की हळुवार गाण्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. खोकला आलाच तर दोन गाण्यांच्या फटीत.

बाकी काही करायचं नाही. अनुवाद आठवला नाही तरी चालेल. एखादं गाणं हातातून निसटलं तर निसटू द्या, पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला पियानो काय दाखवतोय तेवढं धरा: वारा, पानांची सळसळ, टपालगाडीचं शिंग.

आणि चोविसाव्या गाण्यासाठी थोडं बळ शिल्लक ठेवा. ‘डेअर लायरमान’. गावाबाहेर एक म्हातारा बर्फावर अनवाणी उभा राहून हातानं फिरवायचं वाद्य वाजवतोय. त्याची ताटली रिकामी आहे, कुत्री गुरगुरताहेत, कुणी ऐकत नाही. पियानोचा डावा हात षड्ज-पंचम धरून बसलेला, तंबोऱ्यासारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत न हललेला. वर एक छोटी सुरावट येते आणि विरते. चोवीस गाण्यांच्या वाटेत प्रवाशाला शेवटी भेटलेला माणूस हा. तो त्याला विचारतो, बाबा, तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना तू वाजवशील का? उत्तर येत नाही. वाद्य एकदा जोरात उसळून पुन्हा शांत होतं.

या ठिकाणी गायक हलत नाही. वादकाची बोटं पट्ट्यांवरच राहतात. त्याचे हात मांडीवर येईपर्यंत तुम्हीही थांबा, आणि मग टाळ्या वाजवा, दोघांसाठी.