शिक्षेविरुद्ध अपील करताना या चुका टाळा

सातारा किंवा सांगलीच्या सत्र न्यायालयात शिक्षा लागली की घरचे म्हणतात, "पोलिसांनी तपास नीट केलाच नाही." ते खरंही असेल, पण तेवढ्यावर निकाल फिरत नाही. तपास बेकायदेशीर झाला म्हणून खटला आपोआप रद्द होत नाही, त्यातून न्याय बिघडला हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने रिषबुद खटल्यात 1954 सालीच सांगितलं आहे. म्हणून अपिलात पोलिसांच्या चुकांची नुसती जंत्री देऊ नका. प्रत्येक चुकीपुढे लिहा: हिच्यामुळे कोणता पुरावा लंगडा पडला?

आधी मुदत. फाशी सोडून सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात 60 दिवस, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, त्यामुळे नक्कल अर्ज लगेच टाका. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा-सांगलीची उच्च न्यायालयातली अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. माणूस तुरुंगात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सगळ्यात महागात पडते ती उलटतपासणीतली चूक. समजा, साक्षीदार कोर्टात म्हणतो, "बॅटरीच्या उजेडात मी आरोपीचा चेहरा पाहिला." पोलिसांपुढच्या जबाबात बॅटरीचा उल्लेखच नाही. पण तो जबाब न्यायाधीश स्वतः उघडून आरोपीच्या बाजूने वाचू शकत नाहीत. आधी साक्षीदाराला विचारावं लागतं, हे पोलिसांना सांगितलं होतं का? "सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही," हे ठरलेलं उत्तर येतं. मग तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत त्याच वाक्याबद्दल विचारून "साक्षीदाराने मला असं सांगितलं नव्हतं" हे नोंदवून घ्यायचं. मजकूर थेट विसंगत असेल तर जबाबातल्या तेवढ्याच भागावर ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण करून अंमलदारामार्फत शाबीत करायचा. हा दुसरा टप्पा राहून गेला, की अपिलात तो मुद्दा जवळपास मेला. अतिरिक्त पुराव्याचा अर्ज करता येतो, पण तो क्वचितच मंजूर होतो. पेपरबुक (खटल्यातल्या साक्षी-कागदपत्रांचा अपिलासाठीचा संच) मिळताच साक्षीदाराची आणि अंमलदाराची साक्ष शेजारी ठेवून वाचा. शर्टाचा रंग किंवा दहा मिनिटांचा फरक उगाळू नका. उजेड, अंतर, हत्यार आणि आरोपीचं नाव पहिल्यांदा कधी घेतलं, यांवर जोर द्या.

आरोपीने हत्यार काढून दिल्याचा पंचनामा नीट तपासत नाहीत, याचं वाईट वाटतं. 2022 च्या रामानंद निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्रम स्पष्ट केला आहे: पंच आधी बोलवायचे, आरोपीचं निवेदन त्यांच्यासमोर शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहायचं, मग सगळ्यांनी जागेवर जायचं. पंच साक्षीत "ठाण्यात कागद तयार होता, सही केली" म्हणाला, किंवा अंमलदाराने आरोपीचे नेमके शब्द कोर्टात सांगितलेच नाहीत, तर हा दुवा तुटतो. कोयता उसाच्या फडात कुणालाही दिसेल असा पडलेला होता का, हेही बघा. जप्तीनंतर पाकिटावर लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी होती का, मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधी झाली, प्रयोगशाळेत कुणी नेलं, मधले दिवस माल कुठे होता? यातली उत्तरं नसतील तर रक्तगटाचा अहवाल फारसा उपयोगाचा राहत नाही.

ओळखपरेडीत (साक्षीदाराने रांगेतल्या माणसांतून आरोपी ओळखायचा, त्यात) एका संशयितामागे साधारण पाच-सहा मिळतीजुळती माणसं हवीत, पोलीस तिथे नकोत आणि चेहरा आधी दाखवलेला नको. अंकुश मारुती शिंदे खटल्यात घटनेनंतर एका साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. फाशी सुनावलेल्या सहा जणांची 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

"साक्षीदार नातेवाईक आहे" एवढाच युक्तिवाद करण्यात वेळ घालवू नका. घरात घडलेल्या गुन्ह्याला घरचेच साक्षीदार असतात, आणि कोर्ट त्यांची साक्ष फक्त अधिक बारकाईने तपासतं. फितूर साक्षीदाराचंही तसंच. त्याची साक्ष पुसली जात नाही. त्यातला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो सरकार पक्षही वापरतो, म्हणून तो भाग आधी स्वतः शोधा.