आधी हवा काढा, मग ॲलन की धरा: एअर पिस्तुलाच्या बाकावरचं काम

नागपुरात दहा मीटर एअर पिस्तूल शिकायला येणारी पोरं आता बरीच आहेत. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं मिळवल्यावर तर पालक स्वतःहून चौकशीला येतात. कोच मिळतो, रेंज मिळते. पिस्तूल रुसलं की मात्र ते खोलून बसणारा माणूस शोधावा लागतो. मी हे काम एका रेंजच्या मागच्या खोलीत शिकलो. शिकवणारे काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले फिटर. ज्यांनी सेकंडहँड पीसीपी पिस्तूल घेतलंय आणि ज्यांना हे दुरुस्तीचं काम शिकायचंय, अशा दोघांसाठी हे लिहितोय.

पीसीपी म्हणजे आधीच दाबाने हवा भरलेलं पिस्तूल. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, कुठलंही घ्या. नळीखालच्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या नव्वदपट दाब. सिलिंडर ६५ मिलिलीटरचा धरला तरी आत मोकळ्या हवेच्या हिशोबाने तेरा लिटर हवा कोंबलेली असते. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा जेमतेम साडेपाच जूल. त्यामुळे नवख्याला वाटतं, खेळणंच तर आहे. छर्र्यापुरतं ते चालेल एक वेळ, सिलिंडरला ते लावू नका. २०२५ मध्ये दिल्लीत सरावाच्या वेळी हवा भरताना सिलिंडर फुटून एका राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजाचा अंगठा गेला.

खोलण्याआधी हवा काढायची, हे सगळेच सांगतात. कशी काढायची, तिथे घोळ होतो.

पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरपासून लांब. लिव्हर उघडून नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघायचं. असला तर तो टार्गेटवरच मारून मोकळं व्हायचं. मग सिलिंडर हातानेच फिरवून सोडवायचा. पहिल्या काही आट्यांत त्याचा व्हॉल्व्ह बंद होतो, अडकलेली हवा फुस्सकन सुटते आणि तो हलका फिरू लागतो. फुस्स थांबतच नसेल तर व्हॉल्व्ह बसलेला नाही. सिलिंडर परत आवळा आणि टार्गेटकडे शॉट मारत हवा संपवा. हाताने फिरत नसेल तर आत दाब आहे असंच समजा. पक्कड आणि पाइप पाना तेव्हा खोलीतसुद्धा नकोत.

सिलिंडर निघाला की बहुतेक जण लगेच स्क्रू शोधायला लागतात. पण रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) आणि फायरिंग व्हॉल्व्ह (ट्रिगर दाबल्यावर हवा सोडणारी झडप) यांच्या मधल्या कप्प्यात अजून दाबाची हवा असते, एखाद-दोन शॉट पुरेल इतकी. ती काढायला लिव्हर पूर्ण कॉक करून (शॉटसाठी ताणून), छर्रा न घालता, टार्गेटकडे ट्रिगर दाबायचा. पुन्हा कॉक, पुन्हा दाब. हवेचा आवाज जाऊन नुसती धातूची टिकटिक उरली की झालं. यात एक फसवी जागा आहे. पिस्तूल ड्राय फायरच्या (हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावाच्या) खटक्यावर असेल तर फायरिंग व्हॉल्व्ह उघडतच नाही, तुम्ही शंभर वेळा दाबा, टिकटिक ऐकून समाधान माना, हवा आत तशीच. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात स्विच बंद राहिला तर तेच. काकांपुढे एक पोरगा गेज शून्यावर असल्याचं दाखवत होता, तेव्हा ते म्हणाले, “आवाज आयक बे, गेज काय पाहून राहिला? गेज सिलिंडरचा हाय, पिस्तुलाचा नाही.” सेफ्टी फ्लॅगचा, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण असलेला, दोरा नळीतून आरपार घालायचा तो यानंतर. मगच पिस्तूल बाकावर.

खुद्द सिलिंडर रिकामा करायचा असेल, तर कंपनीचं हवा सोडायचं अडॅप्टर लावून हळूहळू सोडायची. डोळ्यांना चष्मा, कानाला मफ, हातात जाड फडका, कारण हवा सुटताना सिलिंडर चांगलाच गार पडतो आणि त्यावर पाणी धरतं. व्हॉल्व्हची पिन खिळ्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने दाबणारे मी पाहिलेत. त्यांच्या बाकाजवळ मी उभा राहत नाही.

सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत ती मुदत सांभाळायची जबाबदारी खेळाडूची असते. सेकंडहँड घेताना लोक लाकडी ग्रिपचं पॉलिश न्याहाळतात, तारीख वाचतच नाहीत. मुदत संपलेला सिलिंडर “फक्त सरावाला” वापरणं हा प्रकार तर आपल्याकडे फारच बोकाळलाय. ज्यातून हवा भरतो त्या मोठ्या टाक्यांचा कायदा वेगळा. ५०० मिलिलीटरच्या वरची टाकी गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये येते, आणि ते नियम राबवणाऱ्या पेसोचं (स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) कधी झाली हे रेंजवाल्याला बिनधास्त विचारा. भरायची ती कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजन कधीच नाही. तेल-ग्रीसच्या संपर्कात तो पेट घेऊ शकतो. म्हणूनच ओ-रिंगला (सांध्यातून हवा गळू न देणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसच लावायचं, तेही बोटाला जेमतेम चकाकी येईल इतकंच.

आता नागपूरचं ऊन. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद कारमध्ये ६५ अंशांपर्यंत तापला, तर दाब २२७ च्या घरात जातो. डिक्की, डॅशबोर्ड, गच्चीवरची खोली, सगळं वर्ज्य. डिसेंबरात उलटी गंमत. दुपारी २८ अंशांना २०० दाखवणारा गेज पहाटे दहा अंशांना १८८ दाखवतो आणि पोरगं “लीक आहे” म्हणत धावत येतं. थंडीत बारा बार उतरणं ही गळती नाही. दुपारी तापमान चढल्यावर आकडा परत आला तर सिलिंडर ठीक. नाही आला तर सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. तसंच भरभर हवा भरली की सिलिंडर गरम होतो, निवल्यावर काटा खाली येतो; म्हणून सावकाश भरा.

ट्यूनिंग म्हटलं की सगळ्यांना वेग वाढवायचा असतो. कशाला? टार्गेटचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा आहे, तो वेगाने मोठा होत नाही. शिवाय भारतात ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. हॅमर स्प्रिंगशी (फायरिंग व्हॉल्व्हवर ठोका देणाऱ्या हातोडीच्या स्प्रिंगशी) खेळून कायद्याच्या आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही मर्यादा तपासायची हौस नको. माझ्याकडे “ग्रुप फाटतोय”, म्हणजे छर्रे एका जागी न लागता विखुरतात, म्हणून येणाऱ्या पिस्तुलांत बहुतेकदा हवेचा काही दोष नसतो. ग्रिप हाताला बसलेली नसते. आधी तीच बघा: हात वर नेला की साइट आपोआप मध्ये येते का? नसेल तर वुड पुट्टी आणि काचपेपर, थोडं लावा, थोडं घासा, दोन दिवस मारून बघा. मग ट्रिगर. नियमाने तो सुटायला किमान ५०० ग्रॅम वजन लागलं पाहिजे. अगदी काठावर ठेवू नका, दहा-वीस ग्रॅम वर ठेवा. ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन आणि शॉटनंतर ट्रिगर थांबवणारा शेवटचा स्टॉप, या स्क्रूंना पाव-पाव फेरी द्यायची. सुरुवातीची जागा मार्करने खूण करून घ्यायची, प्रत्येक बदल वहीत. कंपनीने लाखेने बंद केलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. स्क्रू फिरवताना पिस्तूल रिकामं असतं, पण स्पर्धेतली वजनतपासणी हवा लावलेल्या पिस्तुलाची होते. तेव्हा शेवटी सिलिंडर लावून, छर्रा न घालता, टार्गेटकडे तोंड करून, ट्रिगरला अडकवलेलं ५०० ग्रॅमचं वजन उचलून खात्री करा.

हवेकडे वळायचं ते क्रोनोग्राफने (छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) सांगितल्यावर. एकाच डब्यातले दहा छर्रे मारा. वेगात तीन-चार मीटरचा फरक मी सोडून देतो. पाच मिनिटं थांबल्यावरचा पहिलाच शॉट दर वेळी वेगळा येत असेल, तर रेग्युलेटरची सीट गळतेय आणि दाब हळूहळू चढतोय. ते काम शिकलेल्या माणसासमोर बसूनच पहिल्यांदा करा.

या कामाची वेगळी पदवी नाही. आयटीआयचा फिटर किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड चांगला पाया देतो, आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग मायक्रोमीटरवर वाचता आला पाहिजे. नुसत्या रिपेअरीवर घर चालणं कठीण. रेंजवरची नोकरी किंवा दुसरं काम जोडीला लागतंच. पण टोकियोच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन वेळी बिघडलं आणि हातातली मिनिटं गेली, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना बाकावरच्या माणसाची किंमत कळते.

स्पर्धेला बालेवाडीला किंवा दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजला जायचं असेल, तर विमानात सिलिंडर रिकामाच न्यावा लागतो. तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तिथे हवा भरायची सोय कोणत्या वेळेत असते आणि तिथलं अडॅप्टर तुमच्या सिलिंडरला बसतं का, हेही निघण्याआधी फोन करून विचारा. बॅगेत ओ-रिंगचा सेट, सिलिकॉन ग्रीस, स्वतःचं अडॅप्टर आणि ॲलन कीची जोडी असू द्या. मात्र या चाव्या चेक-इनच्या बॅगेत टाका.