बडोद्यात जुनी गाडी घेताय? या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वर्षातून सात-आठ फोन तरी येतात. "काका, एक गाडी बघितलीय, जरा नजर टाकता का?" मी मेकॅनिक नाही, नुसता हौशी माणूस. पण त्यातले निम्मे जण टोकन देऊन मोकळे झालेले असतात. मग मी जाऊन काय करू, गाडीला हळदीकुंकू लावू?

गाडी पुरात होती का, हे न विचारणं

बडोद्यात पहिला प्रश्न हाच. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, समा, फतेहगंज, अकोटा भागात पाणी भरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या, असं समजू नका. विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं धरून मालकाला पैसे देते, गाडी लिलावात जाते. मग कुणी तरी ती उचलतो, धुतो, नवी सीट कव्हरं चढवतो आणि विकायला उभी करतो.

माझ्या आतेभावाने 2025 च्या जानेवारीत अशीच एक पांढरी गाडी घेतली. दलाल म्हणाला, "डॉक्टरनी गाडी छे, बहु ओछी चाली छे," म्हणजे फार कमी चाललीय. डॉक्टर म्हटलं की आमचे लोक विरघळतात. आत अत्तराचा इतका घमघमाट, की मला तिथेच शंका आली असती. पण मला बोलावलं पेढे खायला. तीन आठवड्यांत एक काच खाली गेली ती वर येईना, मग हॉर्न आपोआप वाजायला लागला, मग एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेचना.

मी गेलो आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ! स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं तर वाळलेला गाळ, सीटच्या रुळांना गंज, फ्यूजबॉक्सच्या पिना हिरव्या. दलालाला फोन लावला तर म्हणतो, वॉशिंगचं पाणी गेलं असेल. वॉशिंगच्या पाण्यात गाळ? वायरिंगवर 60-70 हजार घालून शेवटी आतेभावाने ती तोट्यात काढली.

तेव्हापासून मी टॉर्च आणि जुना पांढरा रुमाल घेतल्याशिवाय निघत नाही. हुशार विक्रेते हल्ली सीटबेल्टही बदलतात, म्हणून बेल्टच्या लेबलवरची तारीख बघतो. 2019 ची गाडी आणि 2024 चा बेल्ट, तर का बदलला ते सांगा. विम्याची पॉलिसीही मागतो. पुरानंतरच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस (वर्षभर भरपाई न मागितल्याची सूट) शून्य दिसला, तर आधीच्या वर्षी काय झालं होतं ते विचारायचं. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी पॉलिसी असेल तर त्यात बोनस दिसणारच नाही. तेव्हा मी दुप्पट वेळ गाडीखाली घालवतो.

गरम इंजिनवर गाडी बघणं

तुम्ही पोहोचायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली असते, "एसी गार व्हावा म्हणून". इंजिनची दुखणी ते थंड असतानाच कळतात. मी दहाची वेळ देतो आणि आठला हजर होतो. लोक तोंड वाकडं करतात, करू देत. आधी बॉनेटवर हात. गरम लागलं तर चहा घेऊन येतो आणि तासा-दोन तासांनी परत बघतो. सुरू करताना मागे एकाला उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत जात असण्याची शक्यता. ऑइलचं झाकण उघडून आतून साय आलेल्या चहासारखा थर दिसतो का, तेही बघा. थंडीत जवळपासच फिरणाऱ्या गाडीत थोडी साय नुसत्या ओलाव्यानेही येते, म्हणून एवढ्यावर पळू नका, कूलंटची पातळी बघा.

किलोमीटरवर विश्वास

आकडा फिरवता येतो. पेडलचं घासलेलं रबर आणि सर्व्हिसचा इतिहास जास्त खरं बोलतात. 30 हजार चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत का?

टायर न वाचणं

बाजूवर चार अंक असतात. 2321 म्हणजे 2021 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नवी पॉलिश मारलेला टायरही सात वर्षांचा निघू शकतो.

सीएनजी किट फुकट मिळालं म्हणून खूश होणं

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, सीएनजीची नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. नसेल तर तो खर्च आणि धोका तुमचा.

"कागद नंतर करू"

हे ऐकलं की मी चप्पल घालतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35, विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30, दंडाची चलनं आधी भरलेली. नाव चढेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, थोडे अडकवून ठेवा. दलाल "विश्वास नथी के?" म्हणेल, तर हसून "नथी" म्हणायचं. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवायचं. आतेभावाने तेही केलं नव्हतं. गाडी विकायला काढली तेव्हा पॉलिसीवर त्या डॉक्टरांचंही नाव नव्हतं, भलत्याच कुणाचं तरी होतं.