आबाजीच्या पेटीत जुन्या नोटा निघाल्या? आधी सही वाचा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडं आबाजीची लोखंडी पेटी उघडली, त्यात सातबारे, कापूस विकल्याच्या पावत्या अन् पोथीच्या पानात दाबलेल्या पाच-सहा नोटा. तुमच्याकडं निघाल्या तर आधी हात आवरा. ओला फडका, सेलोटेप, लॅमिनेशन काहीच नको. मी शहाणपणा करून एकीवर इस्त्री फिरवली, घडी गेली पण करकरीतपणाही गेला, ज्याला दाखवली तो नुसता हसला.

आता वय कसं काढायचं, तर रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर साल छापणं सुरू झालं २००५ पासून, त्याआधीची असेल तर गव्हर्नरची सही हाच पुरावा. इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचं चित्र अन् गव्हर्नर टेलरची सही म्हणजे १९३८ ते ४३ च्या दरम्यानची, सी. डी. देशमुखांची असेल तर त्यानंतरची, पहिले भारतीय गव्हर्नर तेच. १ रुपयाची नोट वेगळी बरं का, ती सरकारची, सही अर्थसचिवाची. अशोकस्तंभवाली पहिली १९४९ ची, सही के. आर. के. मेनन. जुन्या २ च्या नोटेवर 'दो रुपया' आहे का 'दो रुपये' हेही भिंगातून बघा, 'रुपया'वाली आधीची.

आपल्या लोकांनी शोधायची ती १९६९ ची, गांधी शताब्दीची. २, ५, १० अन् १०० च्या नोटेमागं बापू बसलेले अन् पाठीमागं आपलं सेवाग्राम! सही बहुतेक एल. के. झा यांची दिसते, पण बी. एन. आडारकरांची असली तर जपून ठेवा, ते १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते.

आणि ते ट्रॅक्टरवाल्या ५ च्या नोटेचे लाखो देतो म्हणणारे मेसेज, ७८६ नंबरवाले, कायले नादी लागता बापा. आधी कमिशन, मग टॅक्स मागतात. रिझर्व्ह बँकेनंच २०२१ मध्ये सांगितलं की आम्ही असं काही घेत नाही. २०१६ च्या बंद ५००-१००० च्या नोटा मात्र मोजून ठेवा, १० पेक्षा जास्त बाळगणं कायद्यात बसत नाही, संग्रह किंवा अभ्यासासाठी असतील तर २५ पर्यंत चालतात.

ठेवायला पीव्हीसी प्लॅस्टिक नसलेलं पॉलिएस्टरचं पाकीट घ्या, आणि पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवू नका, आमच्या एका नोटेचा कोपरा कसरीनं खाल्लाय.