जुनं इंग्रजी मृत्युपत्र कसं वाचायचं: डॉक्टर आणि चर्चवॉर्डन जॉन हॉलच्या कागदावरून

नेटवर जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांबद्दल शोधलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, कागद डाउनलोड करा, अक्षर लावा, कोणाला काय दिलं त्याची यादी करा, झालं काम. मी आधी मोडी शिकले आणि मग बरीच वर्षं हे इंग्रजी कागद वाचत आलेय, आणि माझं स्पष्ट मत आहे की यादीपर्यंत पोचणं हे सोपं काम आहे. यादीत जे आलंच नाही ते शोधायला बसलात की खरी मेहनत सुरू होते, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही.

उदाहरणाला मी नेहमी जॉन हॉल घेते. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनचा डॉक्टर, केंब्रिजला शिकलेला, शेक्सपिअरच्या थोरल्या मुलीचा म्हणजे सुझॅनाचा नवरा, आणि १६२८ मध्ये तिथल्या होली ट्रिनिटी चर्चचा चर्चवॉर्डन. त्याचं मृत्युपत्र अर्ध्या पानात मावतं, म्हणून शिकायला फार चांगलं.

कागद मिळवणं सोपं आहे. १८५८ च्या आधी इंग्लंडात मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात मंजूर व्हायची. त्यातलं सगळ्यात मोठं कोर्ट कॅंटरबरीचं, त्याच्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि नावाने ऑनलाइन शोधता येतात. तिथे नाही मिळालं तर त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये बघायचं.

अक्षराबद्दल थोडक्यात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या त्या वळणात एच ओळीच्या खाली उतरतो, सी आपल्याला आर वाटतो, ई उलटा फिरवलेला असतो, आणि ‘ये’ (ye) असं दिसलं की बहुतेक वेळा ते ‘द’ (the) वाचायचं असतं. हॉलच्या थडग्यावरच्या दगडातसुद्धा ते तसंच कोरलंय. मोडी वाचणाऱ्यांना हे जड जाणार नाही. आपण जसं प्रत्येक कारकुनाच्या हाताची बाराखडी वेगळी मांडून घेतो तसंच इथे करायचं, नक्की लागलेल्या शब्दांतून एकेक अक्षर उचलायचं. अंदाजाने शब्द भरू नका, जागा मोकळी सोडा.

तारखांमध्ये एक खड्डा आहे. १७५१ पर्यंत इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हॉलचं लग्न ५ जून १६०७ चं, आणि मुलगी एलिझाबेथचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत २१ फेब्रुवारी १६०७! लगेच लफडं शोधू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १६०८ चा आहे.

शब्दांचे अर्थही आजचे लावू नका. नावापुढचं ‘जेंटलमन’ म्हणजे सभ्य माणूस नव्हे, तो समाजातला दर्जा आहे, सधन शेतकऱ्याच्या म्हणजे योमनच्या वरचा आणि एस्क्वायरच्या खालचा. भाषांतराच्या अ‍ॅपवर टाकलंत तर ते ‘सद्गृहस्थ’ करून देईल आणि तुम्ही त्याच्या स्वभावावर परिच्छेद लिहाल. चर्चवॉर्डन म्हणजे पाद्री नव्हे. तो गावातलाच संसारी माणूस असतो, एका मुदतीसाठी निवडलेला, त्याने चर्चची इमारत सांभाळायची, हिशोब ठेवायचा आणि गावात कोण प्रार्थनेला येत नाही, कोण बदफैली वागतो त्यांची नावं चर्चच्या कोर्टात द्यायची. आपल्याकडच्या देवस्थानच्या पंचासारखं म्हणावं तर पंचाला नावं कळवायचं हे काम नसतं. नातीसुद्धा जपून. आपल्याकडे आत्या, मावशी, जाऊ, नणंद सगळ्यांना वेगळा शब्द आहे, त्यांच्याकडे त्या काळात जावयालाही ‘सन’ म्हणजे मुलगा म्हणायचे आणि शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात तर नातीला ‘नीस’ म्हटलंय, ज्याचा आजचा अर्थ पुतणी किंवा भाची. हॉलच्या कागदातला ‘सन नॅश’ म्हणजे जावई थॉमस नॅश. मुलगा धरलात तर अख्खी वंशावळ चुकली.

आता कागदात काय आहे ते बघा. २५ नोव्हेंबर १६३५ ची तारीख, त्याच दिवशी तो गेला, आणि मृत्युपत्र तोंडी आहे. लंडनचं घर बायकोला. अ‍ॅक्टनचं घर आणि कुरण मुलीला. सामान आणि पैसे दोघींना निम्मे निम्मे. पुस्तकं जावयाला, त्याला योग्य वाटेल तसं करायला. आणि हस्तलिखितं? हॉल म्हणतो, ती मी मिस्टर बोल्सना दिली असती ते इथे असते तर, पण ते नाहीत, तेव्हा सन नॅश, जाळून टाक नाहीतर तुला हवं ते कर. पुस्तकांच्या वाक्यात मध्येच ‘सेड ही’ आलंय, म्हणजे ‘ते म्हणाले’. लिहिणाऱ्याने ते काढलं नाही, आणि त्या दोन शब्दांमुळे बिछान्याशी कोणीतरी कान देऊन बसलंय हे दिसतं. असे शब्द नकलेत कधीही गाळू नका. खाली साक्षीदार दोन, एक सायमन ट्रॅप आणि दुसरा स्वतः नॅश, ज्याला पुस्तकं मिळाली तोच. हेही टिपून ठेवायचं.

इथपर्यंत कोणीही येतं. यापुढे मी स्वतः सपशेल चुकलेली आहे, म्हणून नीट वाचा.

सुरुवातीच्या काळात ओळखीतल्या एका बाईंनी मला कागद वाचायला दिला होता, त्यांची मुलगी लग्न होऊन इंग्लंडात गेलेली, जावयाच्या घराण्यातला सतराव्या शतकातला पूर्वज. धाकट्या मुलांना शंभर शंभर पौंड आणि थोरल्याला दहा शिलिंग. मी मोठ्या विश्वासाने लिहून दिलं की बापाचं थोरल्याशी बिनसलं होतं, त्याला बेदखल केलं. त्या घरात ती गोष्ट पसरली, कोणीतरी वंशावळीत थोरल्याच्या नावाखाली तसं लिहिलंसुद्धा. दोन वर्षांनी त्याच काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात थोरल्याच्या लग्नाच्या वेळचा करार निघाला, त्यात राहतं घर आणि सगळी जमीन बापाने आधीच त्याच्या नावावर केलेली. दहा शिलिंग नुसती नावापुरती होती, तुला विसरलो नाही म्हणून. चारशे वर्षांपूर्वीच्या एका बापलेकात मी भांडण लावून दिलं होतं, बाईंना फोन करून चूक सांगितली आणि वंशावळ दुरुस्त करून घेतली, तरी ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून माझा नियम असा की मृत्युपत्रातल्या गप्प राहण्याचा अर्थ राग, विसर किंवा गरिबी असा लावायच्या आधी चार कारणं तपासायचीच. हॉलच्या कागदात ती चारही सापडतात.

पहिलं, आधीच बांधून ठेवलेली मालमत्ता. हॉल राहत होता न्यू प्लेसमध्ये, गावातल्या सगळ्यात मोठ्या घरांपैकी एक, आणि मृत्युपत्रात त्याचं नावही नाही! कारण ते घर त्याचं नव्हतंच. १६१६ मध्ये सासऱ्याने ते सुझॅनाला हयातीपुरतं आणि पुढे तिच्या वारसांना असं साखळी घालून दिलं होतं. माणूस ज्या छपराखाली मरतो ते त्याला देता येतंच असं नाही.

दुसरं, विकून टाकलेलं. शेक्सपिअरने १६०५ मध्ये ४४० पौंडांना गावच्या धान्याच्या दशमांश वसुलीतला, म्हणजे पिकाच्या दहाव्या भागाच्या करातला, हिस्सा घेतला होता, तो पुढे मुलीजावयाकडे आला. मृत्युपत्रात तो कुठे गेला म्हणून लोक डोकं खाजवतात, पण हॉलने १६२५ मध्येच तो गावच्या कॉर्पोरेशनला ४०० पौंडांना विकलेला.

तिसरं, कायदा जे आपोआप देतो ते लिहायची कोणाला गरज वाटत नाही. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला एक तृतीयांश हयातीपर्यंत मिळायचा, कागदात तिचं नाव असो नसो. म्हणून बायकोला कमी दिलं यावरून संसार कसा होता ते ठरवू नका. शेक्सपिअरने मृत्युपत्रात बायकोला दिलेल्या त्या दुसऱ्या नंबरच्या पलंगावर लोकांनी इतकी पानं खर्च केलीत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हा एक तृतीयांश विचारातही घेतलेला नसतो.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात फसवं, देवाचं नाव. त्या काळातली मृत्युपत्रं साधारण देवाच्या नावाने सुरू होतात, आत्मा परमेश्वराला, देह मातीला, आणि लोक त्या ओळींवरून माणसाची श्रद्धा मोजतात. हॉलच्या कागदात देव कुठेही नाही. आता हा माणूस चर्चवॉर्डन होता, त्याने चर्चला कोरीव काम केलेलं प्रवचनपीठ दिलं, पाद्री थॉमस विल्सनच्या बाजूने कॉर्पोरेशनशी वर्षानुवर्षं भांडला. श्रद्धा कमी होती म्हणायची का? तोंडी मृत्युपत्र आहे, मरता माणूस कामाचं तेवढं बोलला. आणि लेखी मृत्युपत्रातही त्या ओळी बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या असतात, पत्राच्या वर आपण श्री घालतो तशा. एकाच लेखनिकाची चारपाच मृत्युपत्रं शेजारी ठेवून बघा, तीच ओळ सगळीकडे सापडली तर त्यावर एक अक्षरही रचू नका.

कर्जाचंही तेच. कागद वाचून वाटतं, सुखवस्तू माणूस होता, सगळं नीट वाटून गेला. पण पुढच्या काळातला सुझॅना आणि नॅशचा कोर्टातला अर्ज बघा. बाल्डविन ब्रुक्स नावाच्या माणसाने हॉलवरच्या जुन्या वसुलीसाठी माणसं घेऊन न्यू प्लेसमध्ये घुसून अभ्यासिकेचं दार फोडलं आणि पुस्तकं, पेट्या, कागद, पैसे नेले असं त्यांचं म्हणणं होतं. हॉलने मरताना एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, नेमलाच नव्हता, विधवेला कारभाराचा अधिकार १६३६ मध्ये मिळाला. म्हणून मृत्यूनंतरची किमान पाच वर्षं वाचल्याशिवाय थांबू नका.

मग उरतं आयुष्य उभं करणं, आणि त्यासाठी चर्चचे आणि गावाचे कागद. कॉर्पोरेशनच्या नोंदीत दिसतं की हॉलला सभासद व्हायचा आग्रह झाला, रोग्यांमुळे वेळ नाही म्हणून तो टाळत राहिला, १६३२ मध्ये अखेर गेला आणि १६३३ मध्ये त्याला काढून टाकलं, सतत गोंधळ घालतो म्हणून. नाइट हा राजाचा किताब घ्यायला नकार देऊन त्याने १० पौंड दंड भरला. चर्चच्या कोर्टाचे कागद तर अवश्य बघा, तिथे बायका दिसतात ज्या मृत्युपत्रांत नुसत्या ‘माझी बायको’ असतात. १६०६ मध्ये ईस्टरच्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या प्रसादविधीला, आली नाही म्हणून सुझॅनाचं नाव त्या कोर्टात गेलं होतं. १६१३ मध्ये जॉन लेन नावाच्या माणसाने तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं तेव्हा तीच वूस्टरच्या चर्च कोर्टात गेली, तो हजर झाला नाही आणि त्याला चर्चमधून बहिष्कृत केलं. ज्या यादीत एकदा सुझॅनाचं नाव होतं, तशाच याद्या पुढे १६२८ मध्ये तिच्या नवऱ्याकडे द्यायला आल्या. मला हे पहिल्यांदा जुळलं त्या रात्री झोप लागली नाही.

थडगं शेवटी वाचा. होली ट्रिनिटीत वेदीच्या जवळ, सासऱ्याच्याच रांगेत, दगडावर ‘जॉन हॉल, जेंट’ आणि वय ६० असं आहे. दफनाच्या वहीत मात्र २६ नोव्हेंबरला लॅटिनमध्ये ‘अत्यंत निष्णात वैद्य’ असं लिहिलंय. दोन्ही नोंदी उतरवून घ्या, एक दर्जा सांगते आणि एक गाव त्याला काय समजत होतं ते.

आणि मृत्युपत्रात ज्या वस्तूबद्दल मरणारा घुटमळलाय तिचा माग काढाच. हॉल घरांबद्दल एकेक ओळ बोलला आणि हस्तलिखितांवर अडखळला. जाळायची परवानगी दिली तरी नॅशने ती जाळली नाहीत. यादवी युद्धाच्या काळात जेम्स कुक नावाचा सर्जन न्यू प्लेसला गेला, सुझॅनाने त्याला पुस्तकं दाखवली, त्यात त्याने हॉलचं अक्षर ओळखलं. ती म्हणाली हे माझ्या नवऱ्याचं नाही, कुकने हट्ट धरला तेव्हा तिला राग आला, शेवटी त्याने ती विकत घेतली आणि १६५७ मध्ये लॅटिनमधून इंग्रजी करून छापली. त्यात कवी मायकेल ड्रेटनला दिलेलं व्हायोलेटच्या फुलांचं सिरप आहे, हिरड्या सडणाऱ्या स्कर्व्हीवरचं पालेभाज्यांचं औषध आहे, लेकीचं तोंड वाकडं झालं तेव्हाचे उपाय आहेत. मूळ वही ब्रिटिश लायब्ररीत आहे, मागवताना एजर्टन २०६५ हा नंबर द्यायचा.