चाळिशीनंतर ग्रंथपाल व्हायचंय? सुरुवात अशी करा

बँकेत, शाळेत किंवा आयटीत पंधरा-वीस वर्षं काढल्यावर अनेकांना ग्रंथालयाची ओढ लागते. ओढ चांगलीच आहे. पण कोर्सला पैसे भरण्याआधी नेमकं कुठल्या ग्रंथालयात काम करायचंय ते ठरवा. शिक्षण, वयाची अट आणि पगार हे सगळं त्यावरच अवलंबून असतं.

१. आधी काउंटरच्या आत बसा

गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटा आणि काही शनिवार देवघेवीला मदत करू का, असं विचारा. शक्यतो दिवाळीनंतर जा. तेव्हा दिवाळी अंकांच्या योजनेचे सभासद एकच अंक मागत रांगेत उभे असतात आणि तो अंक आधीच कुणाच्या तरी घरी गेलेला असतो. अशा वेळी त्या वाचकाच्या हाती आवडेल असा दुसरा अंक देता येणं, हेच खरं ग्रंथपालाचं काम. वाचनाची आवड असलेला प्रत्येक जण त्यात रमतोच असं नाही. ते घरी बसून कळत नाही.

२. वाट निवडा

सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालतात आणि त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. पगार त्या अनुदानावर बेतलेला आणि बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो. संकोच न करता आधीच आकडा विचारा. घर त्यावर चालणार नसेल, तर नोकरी सोडू नका.

महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी एम.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. ही नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीचीच; तिला वयाची कमाल मर्यादा नाही, ही उशिरा येणाऱ्यांसाठी मोठीच सोय. भरतीच्या जाहिरातीतली वयाची अट मात्र वेगळी असू शकते, ती नीट वाचा.

३. नोकरी सांभाळून शिका

कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) एका वर्षाचं, त्यापुढे एम.लिब. आणखी एक वर्ष. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देतात.

४. वर्गीकरणाचा हात बसवा

इथे वेळ द्या. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. हे पाठ होतं. कस लागतो तो दलित आत्मकथनासारख्या पुस्तकापाशी. ते चरित्रांत ९२० ला लावायचं, ३०० च्या सामाजिक शास्त्रांत, की साहित्यात? तुमचा वाचक ते कुठे शोधेल, याचा विचार करून ठरवा आणि मग त्या प्रकारच्या सगळ्या पुस्तकांना तोच नियम लावा. घरच्या पुस्तकांवर सराव करा. सोबत ‘कोहा’ ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी मुक्त संगणकप्रणाली शिकून घ्या. ती फुकट मिळते आणि तुमच्याच संगणकावर बसवता येते.

५. जुना अनुभव पुढे करा

अर्जात आधीची नोकरी एका ओळीत उरकू नका. नर्सिंगमधून येत असाल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, वकिलीतून येत असाल तर विधी महाविद्यालयांत आणि मोठ्या वकिली कार्यालयांत आधी चौकशी करा. विद्यार्थ्याने अर्धवट विचारलेला प्रश्न तुम्हाला पुरता समजतो, हे मुलाखतीत एखादं उदाहरण देऊन सांगा.