प्लंबिंगच्या धंद्यात नव्याने येताय? या चुका टाळा

पुण्याजवळच्या वाकड, रावेत, हिंजवडी या भागांत टॉवरमागून टॉवर उभे राहत आहेत आणि 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे गावोगावी नळजोडणीची कामेही निघाली. त्यामुळे हाती पाना धरता येणाऱ्याला आज काम मिळते, आणि नवख्यांचे नुकसान नेमके इथेच होते. सहा महिने हेल्परकी केलेला मुलगा पॉइंटच्या (म्हणजे दर नळजोडामागे ठरलेल्या) भावाने अख्खा फ्लॅट अंगावर घेतो आणि त्याच्या चुका टाइल्सआड गेल्यावर मला बोलावणे येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रेशर टेस्ट (लाइनमध्ये दाबाने पाणी भरून गळती तपासणे) न घेता झिऱ्या, म्हणजे पाइपांसाठी भिंतीत कोरलेल्या खाचा, बुजवू देणे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या नव्या मुलाने सर्वांत वरच्या मजल्यावरील बाथरूममध्ये सीपीव्हीसीची (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची) लाइन जोडली. मापासाठी कोरा बसवलेल्या एका एल्बोला (वळणाच्या जोडाला) सोल्युशन, म्हणजे जोड चिकटवणारा द्रव, लावायचे राहून गेले. टाइल्सवाला खोळंबला होता आणि मी दुसऱ्या साइटवर होतो, म्हणून 'टाकीचे पाणी सोडून बघ' एवढेच मी फोनवर सांगितले. टाकी जेमतेम तीन-चार मीटर वर होती, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही नव्हता. तेवढ्या दाबाला तो कोरा जोड टिकून राहिला. पाच महिन्यांनी घरमालकांनी शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसवला आणि आठवड्याच्या आत खालच्या घराच्या छताला ओल आली. भिंत फोडली तेव्हा एल्बो नुसत्या हाताने निघाला. पाइपाच्या टोकाला सोल्युशनचा डागसुद्धा नव्हता. त्या डिझाइनच्या टाइल्स बाजारात उरल्या नव्हत्या, म्हणून पूर्ण भिंत नव्याने करून दिली. खर्च मी सोसला, कारण टेस्ट न घेण्याचा निर्णय माझा होता.

तेव्हापासून जोड कोरा बसवला की पाइप आणि फिटिंग यांवर मिळून मार्करची एक रेघ ओढायची आणि सोल्युशन लावून झाल्यावर तिच्यावर फुली मारायची, ही आमची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी टोके एंड प्लगने बंद करतो, लाइनमधली हवा काढतो आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन लाइन रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी गेजचा काटा मी स्वतः पाहतो. त्यापायी टाइल्सवाल्याचा एक दिवस गेला तरी मला चालते.

गीझरच्या लाइनला यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) वापरू नका, गरम पाण्याने तो मऊ पडतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. पितळी आट्यांच्या सीपीव्हीसी फिटिंगवर पान्याने सगळी ताकद लावली की तडा जातो.

सॉइल लाइनला, म्हणजे संडासाचा मैला नेणाऱ्या पाइपाला, जितका जास्त उतार तितके चांगले, असे नव्यांना वाटते. प्रत्यक्षात फार उतारावर पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो. 110 मिलिमीटरच्या लाइनला मी मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार धरतो आणि तोही नजरेने नव्हे, लेव्हल लावून.

शिकण्याचा काळ तोडू नका. आयटीआयचा प्लंबरचा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा आहे, पण त्यानंतर निदान दोन वर्षे एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावीत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या मोठ्या साइटवर ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याचे मिस्त्री भेटतात. तिथल्या पट्टामुंडईला तर प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. मी पाहिलेल्या त्यांच्या टोळ्यांमध्ये नवा मुलगा आधी पाइप कापून कडा घासायला शिकतो, जोड फार नंतर त्याच्या हाती येतो.

शेवटची चूक नोंद न ठेवण्याची आहे. झिऱ्या बुजण्याआधी प्रत्येक भिंतीवर मेजरिंग टेप धरून फोटो काढा आणि ते घरमालकांना द्या, म्हणजे आरसा लावायला आलेला माणूस ड्रिल कुठे मारायचे हे आधी त्या फोटोंत पाहील.